जुनं रील, नवी दोरी

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला की शनिवारी सकाळी गल्लोगल्ली गराज सेल लागतात. बाकीचे देशी लोक तिथे सोफे आणि पोरांच्या सायकली शोधतात. मी गराजच्या कोपऱ्यात उभे केलेले फिशिंग रॉड शोधतो. समुद्रातल्या मासेमारीचे जुने रॉड आणि रीलं घ्यायची, उघडून साफ करायची, तपासायची आणि पुन्हा विकायची, हा माझा वीकेंडचा उद्योग. बायको याला ‘भंगाराचा धंदा’ म्हणते. चूक नाही तिचं. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि शनिवार-रविवारी दुसऱ्यांच्या रीलमधले, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी असा एक बग माझ्या हातून सुटला. तो का सुटला हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे १८९८ पर्यंत.

त्या वर्षी कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटापाशी चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या गृहस्थाने रॉड आणि रीलवर १८३ पौंडांचा ट्यूना मारला. १८३ पौंड म्हणजे ८३ किलो, आणि रीलला ब्रेक नाही! तेव्हा हँडल थेट स्पूलला जोडलेलं असायचं. मासा पळाला की दोरी सुटायची, स्पूल उलटं फिरायचं आणि त्याबरोबर हँडलही गरागरा उलटं. मध्ये बोटं आली तर फुटलीच. ब्रेक म्हणजे काय, तर चामड्याचा एक तुकडा, तो अंगठ्याने स्पूलवर दाबायचा. आमच्या मालवणच्या मामाच्या तळहातावर गरीच्या दोरीचे जुने वळ होते. कॅटालिनाच्या श्रीमंत शौकिनांची पंचाईतही तीच, फक्त जरा महागातली.

यावर तोडगा निघाला तो विल्यम बॉशेन नावाच्या शौकिनामुळे आणि ब्रुकलिनचा कारागीर ज्युलियस वॉम होफ याच्या हातून. रीलच्या पोटात चकत्या बसवायच्या. मासा जोरात ओढायला लागला की त्या एकमेकींवर घसरतात, दोरी सुटते, पण हँडल जागच्या जागी राहतं. हाच ड्रॅग. असलं रील घेऊन बॉशेनने १९१३ साली कॅटालिनापाशीच ३५८ पौंडांचा स्वोर्डफिश काढला. पुढे ड्रॅगचा दाब कमीजास्त करायला हँडलखाली चांदणीच्या आकाराचं चाक आलं. आजही कुठलंही जुनं रील हातात आलं की मी पहिल्यांदा ती चांदणी फिरवून बघतो. घट्ट बसलेली असेल तर आत मीठ आहे हे नक्की.

पण ही सगळी पैसेवाल्यांची चैन होती. माझ्यासारख्या भंगारवाल्याचं पोट (म्हणजे हौस) चालतं ते ऑटो हेन्झेच्या कृपेने. या जर्मन माणसाने १९३२ साली, ऐन मंदीत, फिलाडेल्फियात पेन कंपनी काढली. साध्या नोकरदाराला परवडेल अशी दणकट रीलं बनवायची आणि डिझाइन उगाच बदलत बसायचं नाही, असा खाक्या. १९३६ साली आलेलं त्यांचं सेनेटर रील कित्येक दशकं जवळजवळ त्याच रूपात विकलं गेलं. सुट्या भागांना सरळ नंबर. आजोबांच्या रीलमधला भाग नातवाच्या रीलला बसण्याची शक्यता बरीच. आमच्या भाषेत बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी!

तर गेल्या वर्षी मला पंधरा डॉलरला पेनचं स्क्विडर मिळालं. किनाऱ्यावर उभं राहून लांब फेकायला नावाजलेलं रील. एक स्क्रू सोडवला की बाजूची प्लेट हातात येते. पितळेवरचा हिरवा थर काढला, मेणासारखं झालेलं ग्रीस पुसलं, दोरीला ताणकाटा लावून ड्रॅग ओढून बघितला. काटा एका जागी स्थिर, एकही झटका नाही. सोबतच्या रॉडच्या कड्यांमधून बायकोच्या जुन्या स्टॉकिंगचा तुकडा फिरवला, कुठे अडकला नाही. म्हणजे कड्यांना तडे नाहीत. मग नवी कोरी नायलॉनची दोरी घट्ट, काठोकाठ भरली आणि ‘तपासलेलं’ असं ठणकावून सांगत एका निवृत्त बस ड्रायव्हरला पन्नास डॉलरला विकलं.

तीन आठवड्यांनी ते काका दारात उभे. स्पूलची कड तडकून फ्रेममध्ये अडकली होती. ऐन वेळी दोरी सुटलीच नाही, तुटली.

“दोरी तूच भरली होतीस ना?”

हो. मीच.

रीलं घडली तेव्हा दोरी होती लिननची. ती धाग्यांवर मोजायचे: ओल्या लिननचा एक धागा तीन पौंड पेलतो, म्हणून २४ धाग्यांची दोरी ७२ पौंडांची. लिनन फारसं ताणत नाही, पण दरवेळी धुवून वाळवावं लागतं, नाहीतर कुजतं. ड्यूपाँटने १९३८ साली नायलॉन जाहीर केलं (पहिल्यांदा विकले ते टूथब्रशचे केस) आणि महायुद्धानंतर नायलॉनच्या दोरीने लिननला हद्दपार केलं. कुजत नाही, वाळवायला नको. फक्त ते ताणतं. ताणून गुंडाळलेला प्रत्येक वेढा पुन्हा आखडायला बघतो आणि स्पूलला आवळतो. असे शेकडो वेढे एकावर एक. जुन्या प्लॅस्टिकच्या स्पूलची कड मग बाहेर ढकलली जाते आणि एक दिवस फुटते. पेनने पुढे धातूची स्पूल विकली ती काय उगाच नाही. मी सगळं तपासलं होतं, पण भरलेल्या दोरीखाली स्पूल किती टिकतं हे सोडून. लोड टेस्ट न करता रिलीज!

मी पैसे परत द्यायला पाकीट काढलं. काका म्हणाले, “पैसे नकोत. रील चांगलं आहे, स्पूल बघ.”

खोक्यात प्लेट फुटलेलं दुसरं स्क्विडर पडून होतं, धातूच्या स्पूलचं. स्क्रू सोडवला, ते स्पूल काकांच्या रीलमध्ये सरकवलं, प्लेट लावली. बसलं! काकांनी बोटाने फिरवून बघितलं आणि बराच वेळ फिरू दिलं. खाली डॅक्रॉनचे थोडे वेढे, वर नायलॉन, तेही जरा हलक्या हाताने, असं करून त्यांना दिलं.

आता प्लॅस्टिकच्या स्पूलचं रील मी दोरी न भरताच विकतो आणि घेणाऱ्याला कारणही सांगतो. त्यामुळे दहा-पंधरा डॉलर कमी येतात. खोक्यातल्या त्या दुसऱ्या स्क्विडरला आता प्लेटही नाही आणि स्पूलही नाही. या शनिवारी पाऊस नसला तर बघतो.