दोन मित्र, एक प्रवास आणि रेजिओचे भांडण : ‘ग्रँड टूर’ची एक गोष्ट

१/ दिवसा प्रासाद, चित्रे आणि भग्नावशेष पाहावेत, रात्री नृत्य, नाटक आणि मेजवान्यांत रमावे आणि हे सारे जिवलग मित्राच्या सोबतीने करावे, ही युरोपच्या सहलीची कल्पना किमान तीन शतके जुनी आहे. आजचा धागा अशाच एका प्रवासाविषयी. दोघे मित्र एकत्र निघाले होते. दोन वर्षांनी घरी परतले ते वेगवेगळ्या वाटांनी. #धागा

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांतील तरुणांना शिक्षणाच्या अखेरीस युरोपच्या प्रवासास धाडण्याची प्रथा होती. पॅरिस, मग आल्प्स ओलांडून तुरिन, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, व्हेनिस असा साधारण मार्ग. रिचर्ड लॅसल्स याच्या १६७० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीविषयक ग्रंथात ‘ग्रँड टूर’ हा शब्दप्रयोग आला आणि पुढे तो रूढ झाला.

३/ जाहीर उद्देश उदात्त होता. फ्रेंच भाषा यावी, दरबारी रीतिरिवाज अंगवळणी पडावेत, लॅटिन ग्रंथांत वाचलेले रोम प्रत्यक्ष पाहावे. तरुण वाहवत जाऊ नये म्हणून सोबत एक शिक्षक दिला जाई. इंग्रजीत त्याला थट्टेने ‘अस्वल खेळवणारा दरवेशी’ अशा अर्थाचे नाव पडले होते. अस्वल कोण, हे सांगायला नको.

४/ या दरवेशांत एक नाव आपल्या ओळखीचे आहे : अ‍ॅडम स्मिथ. ग्लासगो येथील प्राध्यापकपद सोडून १७६४ ते १७६६ या काळात तो बक्लूच्या तरुण ड्यूकसोबत फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये होता. पुढे १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्याने या प्रथेवर कडक टीका केली. त्याच्या मते असा तरुण परततो तो अधिक गर्विष्ठ, अधिक उधळा आणि कोणत्याही गंभीर कामास अधिक अपात्र होऊन.

५/ आता आपले दोघे. होरेस वॉलपोल, जन्म १७१७, ब्रिटनचा पंतप्रधान सर रॉबर्ट वॉलपोल याचा धाकटा मुलगा. थॉमस ग्रे, जन्म १७१६, लंडनमधील एका दस्तऐवज-लेखकाचा मुलगा. ग्रेच्या आईने टोप्या व कापडचोपडाच्या दुकानावर कष्ट करून त्याला ईटनच्या शाळेत शिकवले. त्याच शाळेत हे दोघे भेटले.

६/ ईटनमध्ये चौघांचे एक टोळके होते : वॉलपोल, ग्रे, रिचर्ड वेस्ट आणि थॉमस अ‍ॅश्टन. मैदानी खेळांपेक्षा कवितेत रमणारी ही मुले स्वतःला थाटाने ‘चौकडीचा तह’ म्हणवीत. तत्कालीन युरोपीय राजकारणातील चार सत्तांच्या तहावरून घेतलेले हे नाव. यातील रिचर्ड वेस्ट हा तिसरा मित्र लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

७/ मार्च १७३९ मध्ये वॉलपोल आणि ग्रे डोव्हरहून निघाले. वये एकवीस आणि बावीस. सोबत दरवेशी नव्हता. खर्च वॉलपोलचा. हा पैसा कोठून आला? वडिलांनी त्याला राजकोषातील नाममात्र कामाची पण भरघोस उत्पन्नाची पदे मिळवून दिली होती. खाते इंग्लंडमध्ये चालत राहणार आणि पदाधिकारी फ्लॉरेन्समध्ये नाचत राहणार, अशी ही सोय.

८/ पहिला मुक्काम पॅरिस. ऑपेरा, नाटके, चर्च, राजवाडे. व्हर्सायने दोघांनाही फारसे भारावले नाही. ग्रेने तर त्याची गणना क्षुद्र गोष्टींच्या एका प्रचंड ढिगात केली. मग रीम्स या लहान गावात सुमारे तीन महिने राहून त्यांनी फ्रेंच घटवली. चौदाव्या लुईच्या वैभवाला जग दिपत होते, असे आपण पुस्तकांतून वाचतो. दोन इंग्रज पोरांना तेथे कंटाळा आला, हीदेखील इतिहासातील नोंदच आहे.

९/ त्यांच्या प्रवासाचा खरा कलाटणीबिंदू डोंगरात आहे. ग्रांद शार्त्रूझ या आल्प्समधील मठाकडे जाणारी वाट कड्याच्या कडेने चढते. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला दरी आणि तळाशी गर्जणारा ओढा. येथील प्रत्येक कडा आणि प्रत्येक धबधबा धर्म आणि काव्य यांनी भारलेला आहे, अशा आशयाचे पत्र ग्रेने वेस्टला धाडले.

१०/ या पत्राचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या काळच्या बहुतेक प्रवाशांच्या लेखी आल्प्स हा इटलीच्या वाटेतला अडथळा होता, पाहण्याची वस्तू नव्हे. डोंगराच्या भयातच सौंदर्य आहे, ही जाणीव पुढे युरोपीय स्वच्छंदतावादाचा कणा झाली. ग्रेची पत्रे त्या बदलाच्या अगदी आरंभी उभी आहेत.

११/ त्याच आल्प्सचे दुसरे रूपही त्यांना दिसले. नोव्हेंबर १७३९ मध्ये मों सेनीकडे जात असता भर दिवसा जंगलातून लांडगा आला आणि वॉलपोलचा लाडका काळा स्पॅनिअल कुत्रा ‘टोरी’ याला घेऊन गेला. पंतप्रधानांच्या विरोधी पक्षाचे नाव पंतप्रधानपुत्राने कुत्र्याला दिले होते!

१२/ मों सेनीची खिंड ओलांडताना बग्गी सुटी करून खेचरांवर लादली जाई आणि प्रवाशांना खुर्चीत बसवून डोंगरी मजूर खांद्यावरून वाहून नेत. आपले मित्रही असेच गेले. कुत्र्याचे नाव, जात, रंग आणि मृत्यू हे सारे पत्रांत आहे. खुर्ची वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. साधन कोणी लिहिले, हे पाहण्याची सवय अशा वेळी कामी येते.

१३/ डिसेंबरमध्ये फ्लॉरेन्स. तेथे ब्रिटिश वकिलातीचे काम पाहणाऱ्या होरेस मान याने दोघांना आपल्या घरी उतरवून घेतले. नवे वर्ष उजाडले आणि कार्निव्हल सुरू झाला. लेंट हा उपवासाचा काळ लागण्यापूर्वीचे हे मौजेचे दिवस. सकाळी मुखवटे चढवून दुकाने व कॉफीगृहांत फेरी, संध्याकाळी ऑपेरा, रात्री नृत्य. आपण दॉमिनो नावाच्या पायघोळ झग्यातून बिछान्यात आणि बिछान्यातून पुन्हा झग्यात एवढेच करीत आहोत, असे वॉलपोलने वेस्टला कळवले.

१४/ मुखवट्याचे काम केवळ शोभेचे नव्हते. चेहरा झाकला की दर्जाही काही काळ झाकला जाई. एरवी कोणी कोणाला आधी अभिवादन करावे हेही ठरलेल्या समाजात ही मोठी मोकळीक होती. अर्थात मुखवटा, झगा आणि ऑपेराची जागा यांना पैसे पडत. मोकळीकही ज्याच्या थैलीत नाणी, त्याचीच.

१५/ मार्च १७४० मध्ये ते रोमला गेले. पोप बारावा क्लेमेंट फेब्रुवारीत वारला होता आणि नव्या पोपची निवड पाहता येईल अशी आशा होती. ती निवड सहा महिने रखडली आणि यांचा धीर सुटला. मात्र रोममधील एका नृत्यसमारंभात ग्रेने स्टुअर्ट घराण्याचा ब्रिटिश गादीवरील दावेदार आणि त्याचे दोन मुलगे पाहिले. ज्यांना गादीपासून दूर ठेवण्यात वॉलपोलच्या वडिलांची हयात गेली, तेच हे घराणे.

१६/ जूनमध्ये नेपल्सजवळ हर्क्युलेनियम. व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९ मधील उद्रेकात गाडल्या गेलेल्या या नगरीचे पद्धतशीर खोदकाम १७३८ मध्येच सुरू झाले होते. दोघे मशालींच्या उजेडात भुयारांतून फिरले. पॉम्पेईचे खोदकाम सुरू व्हायला अजून आठ वर्षे होती. आज लक्षावधी पर्यटक पाहतात ते गाडलेले जग पाहणाऱ्या पहिल्या इंग्रजांत हे दोन तरुण होते.

१७/ मग पुन्हा फ्लॉरेन्स आणि येथेच सूर बिघडू लागला. ते तब्बल नऊ-दहा महिने राहिले. त्या दिनक्रमाचे विडंबन ग्रेने वेस्टला लिहिले आहे : बाराला उठावे, तीनपर्यंत न्याहारी, पाचपर्यंत जेवण, सहापर्यंत झोप, आठपर्यंत थंड पेये, दहापर्यंत पुलावर फेरफटका, दोनपर्यंत रात्रीचे भोजन आणि पुन्हा बारापर्यंत निद्रा. वाचताना हसू येते. पण लिहिणारा कंटाळलेला आहे, हेही जाणवते.

१८/ वॉलपोल मात्र खुलला होता. एलिझाबेत्ता ग्रिफोनी या विवाहित उमरावस्त्रीचा तो सोबती झाला होता. तेथील उच्चकुलीन समाजात विवाहितेला पतीव्यतिरिक्त समारंभांत साथ देणारा मानकरी असणे उघडपणे मान्य होते. ग्रे त्या काळात चित्रांच्या तपशीलवार नोंदी करीत होता, संगीताची हस्तलिखिते गोळा करीत होता आणि लॅटिनमध्ये एक तत्त्वचिंतनपर काव्य रचत होता.

१९/ एकाला भग्नावशेष हवे होते, दुसऱ्याला नृत्यशाळा. एवढ्याने मैत्री तुटत नाही. परंतु मुक्काम किती, पुढे कोठे, केव्हा निघायचे, हे सारे खर्च करणाराच ठरवणार. ग्रेला स्वतःच्या इच्छेने एक दिवसही हलता येत नव्हते. ‘पाहुणा’ आणि ‘आश्रित’ यांतील अंतर प्रत्येक मुक्कामी थोडे थोडे कमी होत होते.

२०/ मे १७४१. रेजिओ येथील जत्रेसाठी ते आले आणि तेथे स्फोट झाला. ग्रे निघून व्हेनिसला गेला. मागे एकटा राहिलेला वॉलपोल घशाच्या गंभीर विकाराने अंथरुणास खिळला. योगायोगाने जोसेफ स्पेन्स हा इंग्रज विद्वान तेथे पोहोचला आणि त्याने वैद्य आणवला. तो वेळेवर आला नसता तर कदाचित वॉलपोल रेजिओतच संपला असता.

२१/ ग्रे ज्या व्हेनिसमध्ये गेला ती अठराव्या शतकातील युरोपच्या रात्रजीवनाची राजधानी होती. १६३८ मध्ये तेथील सरकारने ‘रिदोत्तो’ हा सार्वजनिक जुगारखाना उघडला. खेळणाऱ्याने मुखवटा घालायचा आणि डाव चालवणारा उमराव उघड्या चेहऱ्याने बसायचा, असा रिवाज. अनेक घराणी तेथे बुडाली. अखेर १७७४ मध्ये प्रजासत्ताकानेच तो बंद केला.

२२/ तेथून ग्रे साधेपणाने घरी निघाला. वाटेत त्याने मुद्दाम पुन्हा ग्रांद शार्त्रूझ गाठले आणि मठाच्या अभ्यागतवहीत एक लॅटिन कविता लिहिली. पहिल्या वेळी मित्र सोबत होता, आता नव्हता. सप्टेंबर १७४१ मध्ये दोघेही इंग्लंडमध्ये होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

२३/ आणि रिचर्ड वेस्ट? तो या प्रवासात कधीच नव्हता. नावडता कायद्याचा अभ्यास, ढासळती प्रकृती आणि टपालाची वाट, हेच त्याचे युरोपदर्शन. वर उल्लेखिलेली कार्निव्हल, मठ आणि फ्लॉरेन्सच्या दिनक्रमाची पत्रे त्यालाच लिहिलेली आहेत. त्याला दिसावे म्हणूनच ते इतके बारकाईने लिहीत. १ जून १७४२ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला.

२४/ १७४५ मध्ये एका परिचित स्त्रीच्या मध्यस्थीने दोघांची दिलजमाई झाली. पुढे वॉलपोलची मांजर माशांच्या भांड्यात बुडून मेली, तिच्यावर ग्रेने विनोदी शोककाव्य रचले. १७५० मध्ये त्याने आपली ‘एलेजी’ वॉलपोललाच धाडली. वॉलपोलने ती मित्रमंडळींत फिरवली आणि १७५१ मध्ये ती छापली गेली. १७५७ मध्ये वॉलपोलने खासगी छापखाना काढला तेव्हा पहिले पुस्तक छापले ते ग्रेचे.

२५/ भांडणाचे खरे कारण काय? सर्वांत सविस्तर कबुली वॉलपोलची आहे. ग्रे १७७१ मध्ये वारला. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या विल्यम मेसनला १७७३ मध्ये वॉलपोलने कळवले की दोष माझा होता. मी तरुण होतो, मौजेत बुडालो होतो, पंतप्रधानाचा मुलगा असल्याचा मद चढला होता. ज्याला मी आपल्याहून कमी समजत होतो, त्याच्या भावनांकडे मी पाहिले नाही, असा त्याचा आशय.

२६/ ही कबुली हृद्य आहे. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यापाशी क्षणभर थांबावे. बत्तीस वर्षांनंतर, दुसरा पक्ष मृत असताना, चरित्रकाराला उद्देशून लिहिलेले हे साधन आहे. शिवाय मेसनने ग्रेची पत्रे छापताना त्यांत काटछाट आणि जोडाजोड केली, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून कबुली खोटी ठरत नाही. पण तीत एकच आवाज ऐकू येतो, दुसरा नाही.

२७/ प्रवासाची फळे मात्र दोघांच्याही लेखणीत उतरली. वॉलपोलने इटलीत घडणारी ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली (१७६४). ती पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते. होरेस मानशी त्याची पुन्हा भेट झालीच नाही, पण १७८६ मध्ये मान मरेपर्यंत पत्रव्यवहार चालला. मानने फ्लॉरेन्सहून धाडलेल्या एका चित्राच्या निमित्ताने, १७५४ च्या पत्रात, त्याने ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द घडवला. ग्रे १७६८ मध्ये केंब्रिजला इतिहासाचा प्राध्यापक झाला, पण व्याख्यान त्याने एकही दिले नाही!

२८/ शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्रांती आणि युद्धांनी जुनी ग्रँड टूर मोडली. नंतर आगगाडी आली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसांची सहल नेली, माणशी एक शिलिंग दराने. तीही मद्यपानविरोधी सभेसाठी! १८५५ मध्ये त्याने युरोपात सहल नेली. दुसऱ्याच्या थैलीवर अवलंबून न राहता मध्यमवर्गीय माणूस आता स्वतःचे तिकीट काढू शकत होता.

२९/ ग्रेला ती सोय नव्हती. रेजिओहून निघण्यासाठी त्याला आधी मैत्री मोडावी लागली. दोन वर्षांच्या त्या प्रवासातील हा एकच निर्णय पूर्णपणे त्याचा स्वतःचा होता. युरोपातील राजवाडे नि नृत्यशाळांच्या वर्णनांत आपण त्याचे ते निघून जाणे सहज विसरतो.

धागा येथे पूर्ण. शंका असतील किंवा भर घालायची असेल तर उत्तरांत अवश्य लिहा.