पंगतीतील पैज आणि आजची स्पर्धा

आपल्या बीड जिल्ह्यात पंगत आणि पैज पूर्वापार एकत्र नांदत आल्या आहेत. सप्ताहाची समाप्ती असो, जत्रा असो की लग्नकार्य, मंडळी जेवून उठली तरी एखादा खाणारा गडी पानावर बसूनच राही. मग कोणीतरी म्हणे, "एवढी परात संपव, नारळ माझा." कुस्तीचा फड जसा नारळावरच्या कुस्तीने सुरू होतो, तशीच ही पैजही नारळ, फेटा किंवा रुपया-दोन रुपयांवर लागे. जिंकणाऱ्याचे नाव मात्र पंचक्रोशीत होई.

नियम थोडेच असत. पानावरून उठायचे नाही आणि पानात काही टाकायचे नाही. बुंदी असो वा पुरणाची पोळी, खाणारा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढप्याने वाढीत राहावे. घड्याळ कोणी पाहत नसे. खरा सामना खाणारा आणि यजमानाची कोठी यांच्यात असे. कोठी उणी पडली तर यजमानाची मान खाली, आणि खाणारा हरला तर चार दिवस चावडीवर थट्टा. भीमाला वृकोदर म्हणत व बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न त्यानेच फस्त केले, ही कथा कीर्तनातून लहानथोरांच्या कानांवर पडलेली. त्यामुळे असे खाणे हावरेपणाचे न ठरता ताकदीचे लक्षण ठरले.

याला दुसरेही कारण असावे असे अस्मादिकांस वाटते. हा मुलूख अवर्षणाचा. 1972 च्या दुष्काळात आपली वडीलधारी माणसे खडी फोडून, पाझर तलावांच्या कामावर राबून जगली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस काढले. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना भरल्या परातीपुढे बसून 'आणखी वाढा' म्हणण्यात काय वाटत असेल, हे आजच्या पोरांना सांगून कळायचे नाही. आजही ऊसतोडीला गेलेली मंडळी पाडव्याच्या सुमारास परततात, आणि चैत्रातल्या जत्रेची पंगत त्यांच्याशिवाय रंगत नाही.

पुढे पैजेची स्पर्धा झाली आणि तीत घड्याळ शिरले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड भागात दरवर्षी 4 जुलैस सॉसेज भरलेले पाव खाण्याची स्पर्धा भरते. ती 1916 पासून चालू आहे असे सांगत. पण ती गोष्ट आपणच रचल्याची कबुली जाहिरात करणाऱ्यानेच 2010 साली दिली. खरी सुरुवात 1972 च्या सुमारची, म्हणजे आपण सुकडी खात होतो तेव्हाची! तेथे 2001 साली कोबायाशी या जपानी तरुणाने 12 मिनिटांत 50 पाव खाऊन जुना विक्रम दुपटीने मोडला. 2021 साली चेस्टनट याने 10 मिनिटांत 76 खाल्ले.

हे वारे आपल्याकडेही आले. वडगाव मावळच्या शिवराज हॉटेलाने 2021 च्या आरंभी 'बुलेट थाळी' काढली. सुमारे 4 किलोंची मांसाहारी थाळी एकट्याने 60 मिनिटांत संपवणाऱ्यास बुलेट मोटारसायकल! आपल्यापासून फार लांब नसलेल्या बार्शीच्या गड्याने ती जिंकली. नारळापासून बुलेटपर्यंत मजल गेली, याचे कौतुक केलेच पाहिजे.

परंतु 2024 च्या सप्टेंबरात केरळात पालक्काड जिल्ह्यात ओणमनिमित्त इडली खाण्याची स्पर्धा होती. तीत एका ट्रकचालकाच्या घशात इडली अडकून त्याचा प्राण गेला. इडलीसारखा मऊ पदार्थ, पण घाई नडली. जुन्या पैजेत माणूस घास चावून खाई, मध्ये पाणी पिई, दोन गोष्टी बोले. लवकर संपवून त्याला मिळायचे काहीच नव्हते.

जीर्णोद्धाराच्या महाप्रसादादिवशी बुंदीच्या लाडवांची स्पर्धा ठेवावी, पाच मिनिटांत जास्तीत जास्त खाणाऱ्यास रोख इनाम द्यावे, अशी सूचना तरुण मंडळींनी केली आहे. देणगीदारांपैकी दोघे इनाम द्यावयास तयारही आहेत. समितीस विनंती की, ठेवायची तर पैज ठेवावी, पानावर बसून, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून, घड्याळाशिवाय. इनामाच्या रकमेत बुंदी वाढवावी. कोठीचा हिशेब अस्मादिकांकडे आहे; लाडू कमी पडणार नाहीत, याची हमी घेतो.