अहमतोविच आणि तीन नुक्ते

'मुसलमान असून मराठी इतकं चांगलं कसं?' हा प्रश्न ज्याला कुणी विचारला नाही असा मराठी मुसलमान मला अजून भेटायचा आहे. धर्म बदलला की भाषाही बदललीच पाहिजे, असं विचारणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. अशा वेळी मला लिथुआनियाचे तातार आठवतात.

तैमूरने १३९५ मध्ये तोख्तामिश खानाचा पराभव केला आणि खान लिथुआनियाच्या ग्रँड ड्यूक व्हितौतासच्या आश्रयाला गेला. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत खानाचा मुलगा जलालुद्दीन तातार स्वार घेऊन व्हितौतासच्या बाजूने लढला. समोर होते ट्यूटॉनिक धर्मयोद्धे. गंमत म्हणजे लिथुआनिया ख्रिस्ती होऊनही तेव्हा पंचवीस वर्षं झाली नव्हती.

स्थायिक झालेल्या तातारांना लष्करी चाकरीच्या बदल्यात जमिनी मिळाल्या. आपल्याकडच्या वतनासारखंच. त्यांतल्या वरच्या घराण्यांना सरदारांचे बरेचसे हक्क मिळाले. घोड्यांवर डागायची जुनी तमगा चिन्हं काही घराण्यांच्या ढालींवर कुलचिन्हं म्हणून आली. नावंही बदलली, पण अर्धीच. अहमतच्या वंशातला तो अहमतोविच. शेपूट स्लाव्ह, धड मुसलमानी. आपल्यात पाटील, देशमुख, इनामदार आहेतच की.

पण मान पुरता नव्हता. जमीन होती, तलवार होती. सरदारांच्या सभेत मत मात्र नव्हतं. लढाईला मुसलमान चालतो, मताला चालत नाही, हा हिशेब तिथेही होता.

पुरुषांनी स्थानिक बायका केल्या आणि सोळाव्या शतकापर्यंत तुर्की बोली घराघरांतून गेली. मुलं बेलारूशियन आणि पोलिश बोलू लागली. दीन मात्र टिकला. यापुढचं त्यांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी दुआ, पैगंबरांच्या कथा, नमाजचे नियम याच स्लाव्ह भाषांत लिहिले, पण अरबी लिपीत. या हस्तलिखितांना ते 'किताब' म्हणत. कुरआनच्या ओळींखाली पोलिश अर्थ लिहिलेल्या प्रतीही आहेत.

अडचण होती उच्चारांची. 'च' आणि 'झ'साठी फारसीतली अक्षरं हाताशी होती. पण त्यांच्या बोलीतला एक आवाज आपल्या 'चाक'मधल्या 'च'सारखा, दुसरा 'जग'मधल्या 'ज'सारखा. हे दोन्ही अरबीत नाहीत, फारसीतही नाहीत. मग त्यांनी 'स्वाद'खाली तीन नुक्ते दिले, 'दाल'खाली तीन नुक्ते दिले आणि दोन नवी अक्षरं तयार केली. आपण मराठीत 'चाक' आणि 'चिमणी' आजही एकाच 'च'ने लिहितो. या तातारांनी मात्र वेगळं अक्षर घडवलं. अरबी लिपीला हात लावला तर पाप लागेल, असं त्यांना वाटलं नाही. आणि पोलिश बोलल्याने आपण कमी मुसलमान ठरतो, असंही वाटलं नाही.

पोलंडमध्ये बोहोनिकी आणि क्रुशिन्यानी या गावांत त्यांच्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. तिथल्या कबरस्तानात जुन्या दगडांवर वर अरबीत कलमा कोरलेला दिसतो आणि खाली रशियन किंवा पोलिश अक्षरांत मयताचं नाव, शेवटी 'विच' लावलेलं.