लाटेला मुदत कोण देणार?

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि ब्रिटनला समुद्र आठवला. एडिनबर्गच्या स्टीफन सॉल्टरने लाटांवर डुलून वीज बनवणारं ‘बदक’ तयार केलं. १९८२ साली सरकारने हात आखडता घेतला.

आपल्याकडे आयआयटी मद्रासने केरळात विळिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॉटचं केंद्र उभारलं. लाट काँक्रीटच्या पेटीत शिरायची, आतली हवा टर्बाइन फिरवायची. पुढे तेही बंद पडलं.

खवळलेला समुद्र पोलादी सांधे मोडतो. म्हणून फ्रान्सिस फार्ली आणि रॉड रेनी यांनी रबराची वाट धरली. त्यांचा ‘अ‍ॅनाकोंडा’ म्हणजे पाण्याखाली तरंगणारी, पाण्यानेच भरलेली लांब नळी. लाट धडकली की नळीत फुगवटा उठतो, नाडीच्या ठोक्यासारखा. त्याचा वेग लाटेशी जुळला की तो वाढत जातो आणि शेपटाकडची टर्बाइन फिरवतो. २००८च्या सुमारास टाकीत चाचण्या झाल्या. घरोघरी वीज मात्र पोचली नाही.

बदनापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण इथल्या कृषी संशोधन केंद्रातले तुरीचे ‘बीडीएन’ वाण वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतरच शेतात येतात. एक हंगाम बुडाला म्हणून कुणी बियाणं फेकून देत नाही. लाटेच्या विजेला तेवढी मुदत अजून मिळालेली नाही.