झडणाऱ्या पेशी आणि लपलेला वैरी

इ. स. १९०७ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात लोहमार्गाचे काम चालू होते. परंतु हिवतापाने मजूर अंथरुणास खिळत. बंदोबस्तासाठी ओस्वाल्दो क्रूझ यांनी कार्लोस शागास या तरुण डॉक्टरास तेथे धाडले. लासांस गावी आगगाडीचा एक डबा हीच त्याची प्रयोगशाळा.

तेथील कुडाच्या भिंतींत ढेकणाच्या गणातील एक मोठा किडा राही. रात्री तो निजलेल्यांच्या तोंडाला चावे, म्हणून लोक त्यास ‘न्हावी’ म्हणत. त्याच्या आतड्यात शागास यांना एक सूक्ष्म परजीवी आढळला. १९०९ च्या एप्रिलमध्ये तोच जीव तापाने फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. गुरूच्या नावावरून त्यास ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ म्हणतात.

रक्तात पांढऱ्या पेशींची सेना असताना हा वैरी वर्षानुवर्षे शरीरात टिकतो आणि पुढे कित्येकांचे हृदय पोखरतो, हे कसे? या कोड्याचा एक धागा दूरच्या स्कॉटलंडमध्ये होता. १९७२ मध्ये कर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या शिस्तबद्ध मरणाचे वर्णन केले आणि त्यास ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ पानांचे गळणे. अशी पेशी आरडाओरडा न करता मरते. शेजारची भक्षक पेशी तिला गिळून जागा स्वच्छ करते.

१९९५ मध्ये ब्राझीलच्याच संशोधकांनी दाखविले, की या रोगाने ग्रस्त उंदरांच्या लढाऊ टी-पेशी, चेतवल्या असता वाढण्याऐवजी अशाच झडून पडतात. २००० मध्ये पुढचे रहस्य उलगडले. मेलेल्या पेशी गिळताच भक्षक पेशी शांत होते, प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये सोडते, आणि तिच्या पोटात दडलेला परजीवी निर्धास्त वाढतो. प्रोस्टाग्लँडिन रोखणारी औषधे दिल्यावर उंदरांच्या रक्तातील परजीवी घटले. तथापि उंदरांवरील प्रयोग म्हणजे माणसाचा इलाज नव्हे.

शरीराची स्वच्छतेची चांगली सवयच शत्रूच्या कामी यावी, हा विलक्षण दैवदुर्विलास होय. म्हणून वैरी आत शिरण्यापूर्वीच त्यास अडविणे श्रेयस्कर. कीटकनाशकांच्या फवारणीने आणि घरांच्या सुधारणेने २००६ मध्ये ब्राझीलने या रोगाच्या प्रमुख घरगुती किड्याकडून होणारा प्रसार थांबविला. मात्र ज्यांच्या देहात परजीवी आधीच वसला आहे, त्यांच्यासाठी झडणाऱ्या पेशींचा अभ्यास पुढे चालविणे प्राप्त आहे.