राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण, २०२३
वैद्यकीय उपकरणांच्या देशी उत्पादनास व संशोधनास चालना देऊन परदेशी आयातीवरील भिस्त घटविण्यासाठी भारत सरकारने अंगीकारलेले धोरण. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या अमलाखाली आल्यानंतर (पहा : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४०), २६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या धोरणास मंजुरी दिली. नियमन, पायाभूत सुविधा, संशोधन, गुंतवणूक, मनुष्यबळ व नाममुद्रेचा प्रसार ही त्याची सहा अंगे होत. त्यांपैकी नियमनाचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात विशेष प्रत्ययास येते; कारण तेथील लोणावळ्यास कारखाना असणाऱ्या पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या कोविड निदानसंचास (असे संचही नियमांनुसार उपकरणांतच गणले जातात) मार्च २०२० मध्ये, देशी संचांत सर्वप्रथम, व्यापारी परवानगी मिळाली (पहा : लोणावळे). धोरण आखले तेव्हा सुमारे ११ अब्ज डॉलरांचा असलेला वैद्यकीय उपकरणांचा उद्योग २०३० पर्यंत ५० अब्जांवर नेणे हे धोरणाचे उद्दिष्ट आहे.