टाचेचा बंध आणि पोलादी कड

नॉर्वेतील तेलेमार्क परगण्याचा सोंद्रे नोरहाइम हा गरीब कूळ १८६८ साली क्रिस्तियानियाच्या स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या स्कींना पंज्याच्या पट्ट्याखेरीज पिळलेल्या लवचीक डहाळ्यांचा, टाचेमागून जाणारा बंधही होता. आणि या क्षुद्र भासणाऱ्या योजनेमुळेच स्की उडीत निसटेना व वळणावर पायाची आज्ञा मानू लागली. आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी ऑस्ट्रियाच्या माथियास झ्डार्स्कीने पुढे आखूड स्की व धातूचा बंध योजिला. तथापि गोठलेल्या हिमावर लाकडी कड घसरे. ती उणीव साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने १९२६ मध्ये पोलादी तुकड्यांची कड जडवून दूर केली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात याहून उपकारक सुधारणा दुसरी नाही. दुर्गम चढणीवर मात्र स्कीच्या तळाला सीलचे कातडे बांधावे लागे, कारण त्याचे केस पुढे सरकू देत, मागे घसरू देत नसत.